सगळी बिलं भरून झाल्यावर तुमच्या हातात खर्चायला किती उरतात?

पिंपळपान
बरेच दिवस विचारायचं होतं, ऑफिसात विचारता येत नाही आणि नातेवाईकांत तर अजिबातच नाही, म्हणून इथे विचारतोय. महिन्याची सगळी देणी दिल्यावर तुमच्याकडे खरंच वरखर्चाला म्हणून किती पैसे राहतात? म्हणजे बचत वगैरे नाही, ज्या पैशांचं काय करायचं ते आपण ठरवू शकतो असे पैसे.

माझं सांगतो. चिंचवडला राहतो, वय ३४, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पीएफ, प्रोफेशन टॅक्स कापून हातात ६१,४०० येतात (फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० कापतात त्यामुळे या महिन्यात शंभर कमी). बायको आधी नोकरी करायची, मुलगी झाल्यावर सोडली, मुलगी आता सिनियर केजीला आहे.

घराचा हप्ता २१,२००, सोसायटी मेंटेनन्स २,८००, गावी आईबाबांना ६,०००, स्कूल व्हॅन १,८००, किराणा ७,५००, दूध २,७००, भाजी फळं अंडी ४,०००, लाईट बिल १,४००, गॅस ८५०, दोन मोबाईल आणि वायफाय मिळून १,३००, पेट्रोल २,८००, एसआयपी ३,०००, सुकन्या १,०००. सगळं वजा केलं की ५,०५० राहतात. त्यात दवाखाना, कपडे, कुणाचा वाढदिवस, बाहेर खाणं, सलून, चप्पल तुटली तर चप्पल.

दारू सिगारेट काही नाही, कार नाही, सिनेमाला जाऊन वर्ष झालं असेल. तरी २२-२३ तारखेला खात्यात हजार-बाराशे दिसायला लागले की पोटात गोळा येतो. मागच्या आठवड्यात बायको म्हणाली मला एक कुर्ता घ्यायचाय ९०० चा, आणि मी लगेच हो म्हणालो नाही, दोन सेकंद गप्प बसलो, आणि तिने ते बघितलं आणि म्हणाली जाऊ दे. ते डोक्यातून जात नाहीये. ६१ हजार हातात येणाऱ्या माणसाच्या घरात असं होणं नॉर्मल आहे का, की माझंच कुठेतरी चुकतंय?

रात्रपाळी
दादा, नॉर्मल आहे का ते माहीत नाही पण तुम्ही एकटे नाही एवढं नक्की सांगते. मी परभणीची, पुण्यात नर्स आहे. हातात २६,५००. आधी पगार कमी होता तेव्हा प्रोफेशन टॅक्स नव्हता, बायकांना २५ हजारापर्यंत माफ आहे ना, इन्क्रीमेंट झालं आणि २०० कापायला लागले. पीजीचे ९,००० (दोन वेळचं जेवण धरून, रविवारी रात्री मेस बंद), घरी ८,००० कारण भाऊ डिप्लोमा करतोय, एज्युकेशन लोनचा हप्ता ३,२००, पीएमपी बसचा पास १,५०० जो आधी ९०० ला यायचा, मोबाईल महिन्याला ३५० धरा. उरतात ४,४५०.

पण मला त्यात तुमच्यासारखी भीती वाटत नाही आणि मला वाटतं त्याचं कारण हे आहे की माझ्यावर कुणी अवलंबून असलं तरी ते इथे समोर नाहीये. माझ्या ४,४५० चं मी काय केलं ते मला कुणाच्या चेहऱ्यावर वाचावं लागत नाही. नाईट संपली की आम्ही तिघी जणी कोपऱ्यावर पोहे चहा घेतो, पन्नास साठ रुपये होतात, ते मी कधीच बंद करणार नाही. वहिनींना कुर्ता घेऊन द्या, प्लीज.

केळफूल
पिंपळपान, यादी मी नीट वाचली, दोनदा वाचली. त्यात मुलीची शाळेची फी कुठे आहे? व्हॅन आहे, फी नाही. इन्शुरन्स नाही. घरपट्टी नाही. दिवाळी नाही, लग्नकार्यातले आहेर नाहीत. म्हणजे तुम्ही फक्त दर महिन्याला दार वाजवणारी बिलं धरलीत, वर्षातून एकदा येणारी धरलीच नाहीत. तुमचा पोटातला गोळा तिथून येतोय असं मला वाटतं, कारण मनाला ते माहीत असतं, कागदावर नसलं तरी. ते आकडे टाका बघू.

पिंपळपान
केळफूलताई, खरंय, ते धरले नव्हते कारण ते बोनसमधून जातात असं मी समजून चालतो. फी ४८,००० (जून आणि नोव्हेंबर दोन हप्ते). टर्म आणि हेल्थ मिळून ३१,०००, ऑगस्टमध्ये भरतो. घरपट्टी, बाईकचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग ५,५०० पकडा. दिवाळी आणि लग्नं, गावाकडं जाणं येणं २५,००० तरी होतात, त्यात कधी वाढ होते कमी कधीच नाही. दिवाळीला बोनस हातात ५५,००० आला होता.

केळफूल
आता बघा. ४८ अधिक ३१ अधिक साडेपाच अधिक २५, एक लाख साडेनऊ हजार. भागिले बारा, ९,१२५ महिन्याला. बोनसचे ५५ हजार भागिले बारा, ४,५८३. तुमच्या ५,०५० मधून ९,१२५ काढले आणि ४,५८३ टाकले की राहतात ५०८. म्हणजे तुमच्याकडे महिन्याला पाच हजार उरत नाहीयेत, पाचशे उरतायत. रागवू नका पण हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही.

आम्ही डोंबिवलीला. दोघांची नोकरी, दोघांचे मिळून हातात ९४,०००, घराचं लोन दोन वर्षांपूर्वी फिटलं म्हणून आता बरं आहे, पण लोन चालू असताना आमची अवस्था हीच होती. दर जूनमध्ये क्रेडिट कार्डावर शाळेची फी भरायची आणि मग ऑक्टोबरपर्यंत ते फेडत बसायचं, आणि मला कळायचंच नाही की पगार वाढूनसुद्धा जून आला की आपण खड्ड्यात का जातो. मग मी एक वेगळं सेव्हिंग खातं उघडलं, ज्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही, आणि एक तारखेला पगार आला की ११,००० त्यात. आम्ही त्याला वर्षाचा डबा म्हणतो. फी, प्रीमियम, घरपट्टी, गणपती, दिवाळी, आहेर सगळं त्यातून. पहिलं वर्ष फार जड गेलं कारण डबा भरायचाही आणि जुनं कार्ड फेडायचंही.

आणि एक, टर्म आणि हेल्थच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढलाय. तुम्ही ऑगस्टमध्ये भरलात म्हणजे तुमच्या ३१ हजारात तो आहे. कंपनीनं मूळ प्रीमियम वाढवला नाही तर येत्या ऑगस्टला पावणेपाच हजार कमी भरावे लागतील. महिन्याला चारशे झाले की नाही.

आता कुर्त्याचं. माझी आई उन्हाळ्यात लोकांच्या कुरडया पापड करून द्यायची, किलोवर पैसे घ्यायची. ते पैसे ती एका जुन्या पर्समध्ये वेगळे ठेवायची आणि बाबांना पगार उशिरा झाला तरी त्याला हात लावायची नाही, आम्हाला तेव्हा राग यायचा की घरात अडचण आहे आणि आई पैसे असून देत नाही. आता पन्नाशीला आले तेव्हा कळतंय की वर्षभरात तेवढेच पैसे होते ज्याबद्दल तिला कुणाला विचारायला लागायचं नाही. आमच्या घरी आम्ही दोघं अडीच-अडीच हजार आपापल्या खात्यावर घेतो आणि त्याचा हिशेब एकमेकांना विचारायचा नाही हे ठरलंय. तुमच्याकडे अडीच हजार जमणार नाहीत. पाचशे जमले तरी आधी बायकोच्या नावावर टाका, तिनं नोकरी सोडलीय ती तुमच्या दोघांच्या मुलीसाठी, आणि माझ्या मते हे पैसे घरखर्चातले नाहीत, ते हप्त्यासारखेच देणं आहे. उरले तर द्यायचे असं ठेवलंत तर कधीच उरणार नाहीत.

नांगरट
इथं सगळी नोकरदार मंडळी दिसतायत म्हणून आमचंही लिहितो, वाळवा तालुका. आमच्याकडं बिल म्हटलं की पैसे जाणारे नव्हे तर येणारे, उसाचं बिल, दुधाचं बिल. दुधाचं बिल दहा दिवसाला होतं. दोन गाया आहेत, बिल साडेपाच हजाराच्या आसपास होतं पण त्यातून पशुखाद्याची पोती आधीच कापून घेतात, हातात येतात अडीच हजार. महिन्याचे झाले साडेसात. तेवढ्यावर किराणा, लाईट, मोबाईल, पोराची एसटी, दवाखाना. महिन्याला उरायचं काय म्हणाल तर काही नाही, कडबा वैरण उधारीवर आली तर उलट मागंच.

ऊस दीड एकर. कायद्यानं कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसात एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायला पाहिजे, ते मिळतं टप्प्याटप्प्यानं. आणि मिळतं ते पण सगळं आपल्या हातात नाही, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज परस्पर वळतं होतं. मग मार्चच्या आत सोसायटीचं नवं-जुनं करायचं, म्हणजे भरायचं आणि लगेच परत उचलायचं, तीन लाखापर्यंत वेळेत भरलं तर व्याज लागत नाही म्हणून सगळे तेच करतात. भरायला दोन दिवसासाठी पैसे नसले तर कुणाकडून तरी हातउसने. त्या दोन दिवसात जीव टांगणीला असतो बघा. तोडणीला टोळी आली की त्यांची खुशाली (वरचे पैसे) वेगळी, ती कुठल्या हिशोबात धरायची?

सांगायचं ते वेगळंच होतं. भाऊ, तुम्ही आईबाबांना गावाकडं ६,००० पाठवता असं लिहिलंय. महिन्याच्या एका तारखेला ठरलेली रक्कम घरात येणं याची किंमत शहरात राहून कळायची नाही. आमच्या गल्लीत ज्यांचा पोरगा पुण्याला आहे आणि दर महिन्याला पाठवतो त्यांना दुकानदार उधारी न विचारता देतो. माझ्या घरात ठराविक तारखेचं म्हणावं असं एकच, बायकोला लाडकी बहीणचे १,५०० येतात, आणि त्याला मी हात लावत नाही, मागतही नाही. तिनं त्यातनं पोरीला सायकल घेतली, जुनी, पण घेतली. ताईंचं बरोबर आहे, बाईच्या हातात तिचे म्हणून पैसे पाहिजेत.

व्याजबट्टा
होम लोनवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी कर्ज विभागात १५ वर्षं काम केलंय. पिंपळपान, हप्ता २१,२०० हा तुमच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा आहे आणि तुम्ही कुर्त्याच्या ९०० वर अडून बसलाय. लोन कधीचं, शिल्लक किती, व्याजदर आज किती आणि ते बँकेचं आहे की हाउसिंग फायनान्स कंपनीचं, हे चार सांगा.

पिंपळपान
२०२१ चं, २४ लाख, २० वर्षांसाठी. तेव्हा ७ टक्के होतं आणि हप्ता १८,६००. मग दर वाढत गेले, हप्ता २१,२०० केला आणि मुदतही वाढवली असं एक पत्र आलं होतं. शिल्लक २२ लाखांच्या आसपास. दर ९.४ आहे, ॲपवर आत्ताच बघितला. हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे, तेव्हा बिल्डरकडेच त्यांचा माणूस बसायचा, त्यानं दोन दिवसात मंजूर करून दिलं.

व्याजबट्टा
वाटलंच होतं. हे नीट समजून घ्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ४ वरून ६.५० वर नेला, तेव्हा तुमचा दर वाढला. मग २०२५ मध्ये तोच रेपो फेब्रुवारी ते डिसेंबर ६.५० वरून ५.२५ वर आला, सव्वा टक्का खाली. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) होम लोन्स बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत, त्यामुळे तिथे कपात आपोआप येते. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम लागू नाही. त्यांचा दर त्यांनी स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर, प्राइम रेटवर, चालतो, वाढवताना लगेच वाढतो आणि कमी करताना जुन्या ग्राहकाला लवकर मिळत नाही. नवीन ग्राहकाला मात्र कमी दरात देतात, जाहिरात बघा त्यांची.

२२ लाखांवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला साडेसत्तावीस हजार रुपये व्याज. महिन्याला जवळजवळ २,३००. एवढे पैसे तुम्ही कदाचित एक अर्ज न केल्यामुळे भरताय.

काय करायचं तर आधी त्यांच्या शाखेत जा, फोनवर नको, आणि व्याजदर कमी करून द्या म्हणून लेखी अर्ज द्या. कन्व्हर्जन फी म्हणून काहीतरी एकदाच घेतील, ती किती ते लेखी मागा. सोबत लोन स्टेटमेंट आणि उरलेल्या मुदतीचं शेड्यूल मागा, कारण मुदत किती वर्षं वाढलीय हे तुम्हाला आत्ता माहीतच नाहीये आणि ते बघून धक्का बसेल अशी तयारी ठेवा. त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर. वैयक्तिक फ्लोटिंग होम लोन लवकर फेडल्याचा दंड घेता येत नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. पण ट्रान्सफरला प्रोसेसिंग फी, वकील, स्टँप ड्युटी असे खर्च येतात, ते मांडून बघा.

आणखी एक. दर कमी झाला की हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारतील, किंवा न विचारता मुदत कमी करतील. एरवी मी सगळ्यांना सांगतो हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा, व्याज वाचतं. तुम्हाला तसं सांगणार नाही. तुमच्याकडे महिन्याला ५०८ उरतायत, तुम्हाला आत्ता श्वास घ्यायला जागा हवीय. दोन वर्षं हप्ता कमी घ्या, वर्षाचा डबा उभा करा, मुलगी पहिली-दुसरीत गेल्यावर वहिनी काही करायला लागल्या तर मग जास्तीचे भरा.

सातपूरकर_काका
मी ६९ वर्षांचा आहे, नाशिकला कंपनीत २९ वर्षं काढली. मला ईपीएस ची (पीएफसोबत मिळणारी) पेन्शन २,८४६ रुपये येते. आकडा चुकून लिहिला नाही, तेवढीच येते. निवृत्तीचे १२ लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २४,६०० म्हणजे महिन्याचे ८,२००. औषधं दोघांची ३,४००. मुलगा दर महिन्याला ५,००० पाठवतो.

पैसे घेणाऱ्या बापाच्या बाजूनं लिहितो, कारण ही बाजू इथे कुणी लिहिणार नाही. मुलाचे ५,००० येतात त्यातले दीड हजार मी पोस्टाच्या आरडीत नातीसाठी टाकतो. मुलाला सांगितलेलं नाही. त्याला एकदा म्हटलं होतं की साडेतीन पाठव, तर तो नाराज झाला, त्याला वाटलं बाबांना राग आलाय म्हणून कमी मागतायत. म्हणून आता घेतो आणि बाजूला ठेवतो. पिंपळपान, तुमचे वडील काय करतात मला माहीत नाही आणि ६,००० बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, नांगरट म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. पण एकदा त्यांच्याशी बसून तुमचा हा सगळा हिशेब, जो अनोळखी लोकांना इथे दाखवलात, तो त्यांना दाखवा. आम्हाला वाटत असतं मुलगा मजेत आहे. मुलगा काही सांगत नाही मग आम्ही पण काही विचारत नाही.

रात्रपाळी
काका, मी हे माझ्या बाबांना वाचून दाखवणार आहे आज.

पिंपळपान
सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, माफ करा, ऑडिट होतं.

केळफूलताईंचा हिशेब मी कागदावर परत केला, रात्री बायकोसमोर बसून. ५०८ च आले. ती म्हणाली मला माहीत होतं, मला वाटायचं तुला माहीत नाही म्हणून बरं आहे, निदान तू झोपतोस तरी. आणि मी इकडे तिला कळू नये म्हणून गप्प. दोन वर्षं आम्ही दोघं हे एकमेकांपासून लपवत होतो.

एसआयपी ३,००० ची होती ती तूर्त १,५०० केलीय, कुणी चूक म्हणेल पण विचार करून केलीय. वाचलेल्या दीड हजारातले एक हजार एक तारखेला तिच्या खात्यावर जातील, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाकली म्हणजे मला दर महिन्याला ठरवायचा प्रश्नच नाही. पाचशे वर्षाच्या डब्यात. कुर्ता तिनं अजून घेतलेला नाही, म्हणाली माझे पैसे आले की घेईन.

बाबांशी फोनवर बोलण्यासारखा विषय नाही. पाडव्याला गावी जातोय तेव्हा कागद घेऊन जाईन. काका, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

व्याजबट्टा, काल अर्धी सुट्टी टाकून शाखेत गेलो. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या मुलीनं शेड्यूलचं प्रिंट दिलं, माझं लोन २०४१ ला संपायचं होतं ते आता २०४४ च्या शेवटी संपतंय असं दिसतंय. दराचं पंधरा दिवसात कळवतो म्हणाले, फी किती ते पण तेव्हाच. आकडा आला की इथे टाकतो, ट्रान्सफर करायचं की तिथेच राहायचं ते तुम्ही बघून सांगा.